टाचेवरचा काळा डाग, मेलानोमा आणि ‘लोखंड लागण्याची’ भीती

प्रश्न (सांगलीहून) : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी उजव्या टाचेवर मसुराएवढा काळा डाग दिसला. आता तो रुपयाएवढा झालाय, कडा वेड्यावाकड्या आहेत आणि एका बाजूने अधूनमधून ओल येते. आधी कुरूप समजून पट्ट्या लावल्या, मग गावी बिब्बा घातला. आता त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलंय, पण घरात सगळे म्हणतात की तिळाला लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो. माझे दीर मेलबर्नला असतात. तिथे दरवर्षी त्यांचे सगळ्या अंगावरचे तीळ तपासतात, आपणही सर्वांनी तसं करावं असा त्यांचा आग्रह आहे. माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर जन्मापासून एक लासं (जन्मखूण) आहे, त्याचीही आता धास्ती वाटते. आपल्या लोकांना हा आजार खरंच होतो का?

उत्तर : ताई, आधी कामाचं बोलतो. तुकडा तपासायला सांगणारे डॉक्टर बरोबर सांगतायत. या आठवड्यातच ते करून घ्या. सण होऊन जाऊ दे, पाहुणे जाऊ देत, असं काही मध्ये आणू नका. वय साठीच्या पुढे, जागा तळपायाची, दोन वर्षांत वाढलेला आकार, वेड्यावाकड्या कडा आणि येणारी ओल. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तरी मी तुकडा तपासल्याशिवाय राहत नाही, आणि इथे तर सगळ्याच आहेत. तो मेलानोमाच आहे असं मी म्हणत नाही, डाग न पाहता कुणीच तसं म्हणू नये. पण तो मेलानोमा नाही, हेही सूक्ष्मदर्शकाशिवाय कुणी म्हणू नये.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. गोऱ्या लोकांत तो फार, आपल्यात फारच कमी. भारतात त्याचं प्रमाण वर्षाला लाखामागे एकाहूनही कमी आहे, आणि जगात सर्वांत जास्त ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये. त्यामुळे ‘हा गोऱ्यांचा आजार’ असा समज सामान्य माणसांतच नाही, अनेक डॉक्टरांतही आहे. तो अर्धाच खरा आहे.

मेलानोमाचे प्रकार आहेत. उन्हाने होणाऱ्या प्रकारापासून आपला सावळा रंग आपल्याला भक्कम राखतो. पण तळपाय, तळहात आणि नखाखाली होणारा एक वेगळा प्रकार आहे, त्याला अ‍ॅक्रल मेलानोमा म्हणतात. अमेरिकेच्या कर्करोग नोंदवहीतल्या १९८६ ते २००५ या काळातल्या रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा या प्रकाराचं प्रमाण गोऱ्यांत आणि कृष्णवर्णीयांत सारखंच निघालं, वर्षाला १० लाखांमागे साधारण १.८. म्हणजे रंगाने इथे काहीच संरक्षण दिलं नाही. गोऱ्यांच्या एकूण मेलानोमांत हा प्रकार शंभरात एखादा, तर कृष्णवर्णीयांत शंभरात छत्तीस. जमैकाचा गायक बॉब मार्ली याला १९७७ साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच आजार निघाला आणि १९८१ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो गेला. आपल्याकडे मेलानोमा म्हणून जे रुग्ण येतात त्यांतही पायाचा वाटा मोठा असतो.

ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०१७ साली १८३ मेलानोमांचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला. उघड्या त्वचेवरच्या गाठींत अतिनील किरणांनी केलेल्या बिघाडांच्या खुणा ठासून भरलेल्या होत्या. तळपायाच्या गाठींत तशा खुणा फार कमी आणि गुणसूत्रांची मोडतोड मात्र जास्त दिसली. म्हणजे हा आजार मुळातच वेगळ्या वाटेने येतो. सनस्क्रीन लावून टाचेवरचा मेलानोमा टळत नाही. जपानी डॉक्टरांनी तळपायावर नेमका कुठे कुठे तो होतो याचा नकाशा काढला (२०१६), तेव्हा टाच आणि चवडा, म्हणजे भार पडतो त्या जागा, पुढे आल्या. म्हणून अनवाणी चालल्याने कॅन्सर होतो असं मात्र कुणी समजू नका, तसं सिद्ध झालेलं नाही. त्या जागा रोज नजरेखालून घाला, एवढंच त्यातून घ्यायचं.

घरच्या अडाण्यापासून शिकलेल्यांपर्यंत सगळे टाचेवरच्या काळ्या डागाला आधी कुरूप म्हणतात, आणि हा नेम बहुतेक वेळा बरोबरच असतो. कुरूप असतं, भोवरी असते, काटा मोडलेला असतो, बूट चावून रक्त साकळलेलं असतं. या गर्दीत तो एक वेगळा डाग ओळखायचा कसा, यावर गेल्या तीसेक वर्षांत फार सुंदर काम झालंय, आणि ते मुख्यतः जपानमध्ये, तोशिआकी साइदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलंय. त्यांना गोऱ्यांची पाठ तपासून भागणारं नव्हतं, त्यांच्या रुग्णांचा आजार तळपायावर होता.

डर्मोस्कोप हे दिवा बसवलेलं, साधारण दहापट मोठं दाखवणारं भिंग. टाचेवर थोडं जेल लावून ते टेकवलं की तळपायाच्या रेषा उसाच्या रानातल्या सरी-वरंब्यासारख्या दिसतात. वरंब्याच्या मधोमध पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते, ती घामाच्या छिद्रांची. साध्या तिळाचा रंग सरीत उतरलेला असतो, म्हणजे बारीक, नीटस, समांतर काळ्या रेघा दिसतात. मेलानोमाचा रंग वरंब्यावर चढतो. तिथे जाड पट्टे दिसतात आणि सऱ्या फिक्या राहतात. साइदांच्या २००४ सालच्या अभ्यासात हा वरंब्याचा नमुना सुरुवातीच्या मेलानोमांपैकी सुमारे ८६ टक्क्यांत दिसला, आणि निरुपद्रवी तिळांपैकी ९९ टक्क्यांत दिसला नाही. स्वस्तातलं भिंग, दोन मिनिटांची तपासणी आणि एवढी खात्री, असं वैद्यकात क्वचितच मिळतं. त्यांच्याच नियमानुसार तळपायावर नव्याने आलेला डाग ७ मिलिमीटरहून मोठा असेल आणि साध्या तिळाचा नमुना स्पष्ट दिसत नसेल, तर सरळ तुकडा तपासायचा.

यात एक अडचण आहे आणि ती तुमच्या घरात घडलीच आहे. बाहेरून लागलेला रंग आणि साकळलेलं रक्तही कधीकधी वरंब्यावरच बसतं. मेंदी, केसांचा कलप, आळता यांनी चित्र गढूळ होतं. बिब्बा तर दुहेरी नुकसान करतो. त्यातलं तेल कातडीवर काळा डाग पाडतं आणि शिवाय जाळतं, त्यामुळे सूज, फोड, जखम होते, आणि मग ओल डागातून येते की बिब्ब्याच्या जखमेतून, हे कळत नाही. शंका असेल तर आम्ही १५ नंबरच्या पात्याने टाचेच्या वरच्या मृत थराचे पातळ पापुद्रे काढतो. त्या थरात नसा नसतात, त्यामुळे दुखत नाही. रक्त किंवा रंग असेल तर पापुद्र्याबरोबर निघून जातो आणि खाली स्वच्छ कातडी दिसते. रंग खालून येत असेल तर तो जात नाही. डॉक्टरांना बिब्बा घातल्याचं जरूर सांगा. लाजायचं कारण नाही, पिढ्यान्‌पिढ्या काटा मोडला की आपल्याकडे तेच करत आले आहेत. पण यापुढे त्या डागाला बिब्बा, कुरुपाची पट्टी, काही काही लावू नका. कुरुपाच्या पट्टीतलं आम्लही कातडी खातं आणि खालची खूण पुसतं.

आता लोखंडाचं. ही भीती आली कुठून ते मला समजतं. गावात कुणाची तरी गाठ कापली आणि सहा महिन्यांत तो माणूस गेला, हे लोकांनी पाहिलेलं असतं. पण तो माणूस डॉक्टरकडे पोचला तेव्हाच आजार खोल गेलेला होता, आणि कापलं नसतं तरी तेच झालं असतं, हे मात्र दिसत नाही. मेलानोमाच्या पेशी रसवाहिन्यांतून पसरतात, आणि पसरणं अवलंबून असतं ते त्या किती खोल उतरल्या आहेत यावर. स्कॉटलंडमध्ये याचा नीट अभ्यास झाला. ज्यांच्या मेलानोमाचा आधी फक्त तुकडा काढला होता आणि ज्यांचा अख्खा डाग एकदम काढला होता, असे सारख्या वयाचे, सारख्या खोलीचे रुग्ण समोरासमोर ठेवून पाहिले (२००२). आजार पुन्हा उलटण्यात किंवा मृत्यूत फरक निघाला नाही. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही, तुकडा न काढता घालवलेल्या महिन्यांत तो पसरतो. घरच्या मोठ्यांना हे शांतपणे सांगा, हवं तर हा मजकूर वाचून दाखवा.

तुकडा कसा काढायचा याला मात्र रीत आहे. डाग लहान असेल तर तो सगळाच, भोवतालची १ ते ३ मिलिमीटर चांगली कातडी आणि खालची थोडी चरबी घेऊन काढतात. रुपयाएवढा डाग टाचेवरून सगळा काढला तर जागा शिवून बंद होत नाही, म्हणून तिथे सर्वांत जाड, सर्वांत काळ्या किंवा ओल येणाऱ्या भागाचा खोलवर तुकडा घेतात, कधी दोन ठिकाणी. टाचेत सुई दुखते, हे खरंय. घोट्यापाशी नस बधिर करून घेतली तर बरंच सुसह्य होतं, तसं विचारा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, आधी सांगा. साखर असेल तर तीही सांगा. टाके साधारण दोन-तीन आठवडे राहतील आणि तेवढे दिवस टाचेवर भार द्यायचा नाही.

लेझरने उडवणं, विजेच्या सुईने जाळणं, बर्फासारख्या थंड वायूने गोठवणं, वरवर खरवडणं, यातलं काहीही अशा डागावर कधीच करायचं नाही. चुना आणि सोडा लावून तीळ जाळतात तोही त्यातलाच प्रकार. चामखिळीला घोड्याचा केस बांधून ती पाडली तर फारसं बिघडत नाही, पण काळा, सपाट, वाढणारा डाग जाळला तर वरचा भाग जातो, मूळ आत राहतं आणि खोली मोजायला काही उरत नाही. दवाखान्यात काढलेला प्रत्येक काळा तीळ फॉर्मालिनच्या बाटलीत, नाव आणि जागा लिहून, पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. पार्लरमध्ये किंवा दवाखान्यात ‘साधाच होता, टाकून दिला’ असं ऐकलं की माझा जीव खाली-वर होतो. यावर माझं मत अगदी ठाम आहे. जो तपासायचा नाही, तो काढायचाही नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर ‘मेलानोमा’ या शब्दापाशी थांबू नका. त्याखाली एक आकडा मिलिमीटरमध्ये असतो, तो शोधा. अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखवून दिलं की गाठ किती रुंद आहे यापेक्षा ती किती जाड आहे यावर रुग्णाचं भवितव्य ठरतं. सूक्ष्मदर्शकाला पट्टी लावून ती जाडी मोजतात. पन्नास वर्षं उलटली, जनुकांचा उलगडा झाला, तरी या साध्या मोजमापाला मागे टाकणारं काही सापडलेलं नाही. टाचेच्या बाबतीत एक बारकावा असा की, मोजणी वरच्या मृत जाड थरापासून करत नाहीत, त्याखालच्या जिवंत दाणेदार थरापासून करतात, आणि तिथे जखम झाली असेल तर जखमेच्या तळापासून. आकडा १ मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेनेच बरे होतात. १ ते २, २ ते ४, आणि ४ च्या पुढे, अशा पायऱ्यांनी धोका वाढत जातो. वर जखम झालेली आहे की नाही, हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा. या दोन्ही गोष्टी रिपोर्टमध्ये लिहिलेल्या नसतील तर लॅबला परत विचारा, तो तुमचा हक्क आहे. आणि मेणाचा ब्लॉक व काचपट्ट्या मागून घरी जपून ठेवा. पुढे परळच्या टाटा मेमोरियलला किंवा दुसरीकडे कुठेही मत घ्यायला गेलात तर ते आधी तेच मागतील, पुन्हा तुकडा काढावा लागणार नाही.

मेलानोमा निघालाच तर पुढे काय, हेही सांगून ठेवतो, कारण अज्ञाताची भीती जास्त असते. विसाव्या शतकात बराच काळ मेलानोमाभोवतीची चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर कातडी काढत. टाचेवर हे म्हणजे पाय अधू करणं. १९८८ साली इटलीच्या उंबेर्तो वेरोनेसी यांनी ६१२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यात २ मिलिमीटरपर्यंत जाडीच्या मेलानोमाला १ सेंटिमीटर आणि ३ सेंटिमीटर यांत जगण्याच्या दृष्टीने फरक दिसला नाही. आज पातळ डागाला १ सेंटिमीटर आणि जाडाला २ सेंटिमीटर पुरतात. टाचेवर मांडीची कातडी किंवा शेजारच्या तळव्याची कातडी बसवतात. पाय कापावा लागेल ही भीती बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही.

जांघेतल्या गाठींचंही असंच. जाडी १ मिलिमीटरच्या पुढे असेल तर टाचेतून निघणारी रसवाहिनी जांघेतल्या ज्या पहिल्या गाठीला मिळते ती गाठ निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव्य वापरून शोधतात आणि तेवढीच काढून तपासतात. तिच्यात आजार निघाला की पूर्वी जांघेतल्या सगळ्याच गाठी काढत. २०१७ साली १,९०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. सगळ्या गाठी काढलेले आणि फक्त सोनोग्राफीवर लक्ष ठेवलेले, दोघांतही तीन वर्षांनी मेलानोमापासून वाचलेल्यांचं प्रमाण ८६ टक्केच होतं. फरक पडला तो सुजेत, काढलेल्यांपैकी २४ टक्क्यांच्या हातापायाला सूज राहिली, न काढलेल्यांपैकी ६ टक्क्यांच्या. म्हणून कुणी लगेच ‘जांघ साफ करू’ म्हणालं तर या चाचणीबद्दल जरूर विचारा. मात्र गाठ हाताला लागत असेल तर हिशोब वेगळा. अशा ४२३ रुग्णांच्या २०२४ सालच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या आधीच प्रतिकारशक्ती जागी करणारी दोन औषधं दिली, तेव्हा वर्षभर आजार न उलटता राहिलेले ८३.७ टक्के होते, आणि आधी शस्त्रक्रिया, मग औषध या जुन्या क्रमात ५७.२ टक्के.

ही औषधं म्हणजे या विषयातली सर्वांत मोठी उलथापालथ. २०११ पूर्वी पसरलेल्या मेलानोमाचा रुग्ण वर्षभर काढणंही कठीण असे. जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांनी प्रतिकारशक्तीचे ‘ब्रेक’ शोधले, त्याबद्दल त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं. त्यांच्या कामातून आलेली इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही दोन औषधं एकत्र दिलेल्या पसरलेल्या मेलानोमाच्या रुग्णांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनीही हयात होते.

आता जे मला मनापासून खटकतं ते. या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातले गोरे होते. तळपायाचा मेलानोमा असलेले त्यांत मूठभर. आणि याच प्रकाराला ही औषधं इतर मेलानोमांपेक्षा कमी लागू पडतात. त्यामुळे ४३ हा आकडा जसाच्या तसा सांगलीच्या रुग्णाला सांगणं बरोबर नाही. आपल्याकडे पुढे जाण्याची वाट आहे, हे टाटा मेमोरियलने दुसऱ्या एका कर्करोगात दाखवलंय. तिथल्या डॉक्टरांनी २०२२ साली तोंड-घशाच्या पुढे गेलेल्या कर्करोगात निवोलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेलं. हा निकाल मेलानोमाला लावता येत नाही. पण आपल्या माणसाच्या आजाराचा आणि आपल्या माणसाच्या खिशाचा विचार करून चाचणी आखता येते, हे त्याने सिद्ध झालं. टाचेच्या मेलानोमावर अशी चाचणी भारतात, चीनमध्ये, जपानमध्ये, मेक्सिकोत व्हायला हवी, कारण रुग्ण आपल्याकडे आहेत. सासूबाईंना कुठे अभ्यासात सहभागी व्हायला विचारलं तर ‘प्रयोग करतायत’ म्हणून झिडकारू नका. काय देणार, काय बदललं तर मध्येच बाहेर पडता येतं, खर्च कोणाचा, हे सगळं मराठीत लिहून मागा आणि मग ठरवा.

खर्चाचं निघालंच आहे तर, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आहेत. तुकडा तपासायला मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग तुम्हाला जवळ आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना कागदपत्रं आधी विचारून घ्या.

तुमच्या दिरांचा आग्रह प्रेमापोटी आहे, पण तो तिथल्या हवेत शिकलेला आहे. क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावात १,६२१ लोकांवर झालेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत मेलानोमा निम्म्यावर आले, ११ विरुद्ध २२. गोऱ्या कातडीच्या आणि भाजणाऱ्या उन्हाच्या देशात ही मोठी गोष्ट आहे. आपल्या घरातल्या सगळ्यांचे सगळे तीळ दरवर्षी तपासण्याने मात्र फारसं काही हाती लागणार नाही. जर्मनीने २००८ पासून पस्तिशीपुढच्या सर्वांसाठी त्वचेची तपासणी सुरू केली, तिथेही मेलानोमाने होणारे मृत्यू अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य समितीने २०२३ साली, लक्षणं नसलेल्या सर्वांची अशी तपासणी करावी की नको हे ठरवायला पुरावा अपुरा आहे, असाच निर्वाळा दिला.

चेहऱ्यावरचा, पाठीवरचा जुना तीळ घाबरण्यासारखा नसतो. २००३ सालचा अमेरिकेतला एक हिशोब असा की, विशीतल्या तरुणाच्या अंगावरचा एखादा तीळ ऐंशीव्या वर्षापर्यंत मेलानोमात बदलण्याची शक्यता पुरुषांत ३,१६४ त एक आणि बायकांत १०,८०० त एक. हा आकडा गोऱ्या लोकसंख्येच्या देशातला, आपल्यात त्याहूनही कमी. मेलानोमांपैकी सुमारे ७० टक्के तर जुन्या तिळातून येतच नाहीत, कोऱ्या कातडीवर नव्याने उगवतात. चाळिशीनंतर गालांवर, मानेवर येणारे बारीक काळे उंचवटे आपल्याकडे घरोघरी आहेत, ते निरुपद्रवी असतात. फोनवरच्या फोटो तपासणाऱ्या अ‍ॅपवरही विसंबू नका. ती मुख्यतः गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकलेली आहेत आणि सावळ्या कातडीवर जास्त चुकतात.

त्यापेक्षा महिन्यातून एकदा अंघोळीनंतर तळपाय उलटा करून बघा, बोटांच्या बेचक्या बघा, तळहात, नखं आणि आरशात तोंडाच्या आतली बाजू बघा. वयस्कर माणसांना वाकता येत नाही, त्यांचे पाय घरातल्या कुणीतरी बघावेत. नखातली काळी उभी रेघ अनेक बोटांत असेल तर ती बहुधा आपल्या रंगाचीच, कधी बी-१२ कमी असल्याची, कधी औषधांची. एकाच नखात, विशेषतः अंगठ्यात, प्रौढपणी नवी उगवलेली, ३ मिलिमीटरहून रुंद, रुंदावत जाणारी, आणि नखामागच्या कातडीवर रंग सांडलेली रेघ मात्र लगेच दाखवायची. ठेचेचं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं, ही रेघ सरकत नाही. आणखी एक, मधुमेह्याच्या पायाची जखम दोन महिन्यांत भरत नसेल तर तिचाही तुकडा तपासा. काही मेलानोमांना काळा रंगच नसतो, ते लालसर चिघळलेल्या जखमेसारखे दिसतात आणि ‘शुगरची जखम’ म्हणून त्यांची नुसती ड्रेसिंगं होत राहतात.

आता मुलाचं. पहिलं म्हणजे, गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून लासं उठलं, असं तुम्हाला कुणी ऐकवलं असेल तर ते मनातून काढून टाका. लंडनच्या वेरोनिका किन्सलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की मोठ्या जन्मजात तिळांमागे बहुधा गर्भाच्या एकाच पेशीत झालेला एका जनुकाचा बदल असतो. तो आईकडून येत नाही, बापाकडून येत नाही, आणि आईच्या वागण्याशी त्याचा काही संबंध नाही.

धोका ठरतो तो मोठेपणी लासं किती पसरेल यावर. पाठीवरचं लासं जन्मापासून मोठेपणापर्यंत साधारण तिप्पट होतं. बाळ असतानाचा फोटो काढून बघा. तेव्हा ते ३ सेंटिमीटर असेल तर मोठेपणी ९ च्या आसपास जाईल, आणि अशा मध्यम लाशात मेलानोमा होण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी असते. मोठेपणी २० सेंटिमीटरच्या पुढे जाणारी असतील तर धोका शंभरात दोन ते पाच, आणि अर्धी पाठ व्यापणारी व भोवती पुष्कळ लहान लाशी असणारी असतील तर त्याहून जास्त. अशा बाळांचा पहिल्या काही महिन्यांत मेंदूचा एमआरआय करतात, कारण त्याच पेशी कधी मेंदूच्या आवरणातही असतात. भीतीपोटी मध्यम लासं कापून टाकण्याचा सल्ला मी देत नाही. दिसण्याचा त्रास मुलाला पुढे झाला तर ते कारण पुरेसं आहे, पण तो निर्णय त्याला कळायला लागल्यावर त्याच्याबरोबर घ्या.

एक वेगळा आजार इथेच सांगतो, कारण आपल्याकडे मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न करण्याची रीत अजून आहे. बाळ थोड्याशा उन्हाने भाजून निघत असेल, उन्हात डोळे उघडत नसेल आणि दुसऱ्या वर्षाच्या आतच चेहरा काळ्या ठिपक्यांनी भरला असेल तर ते साधे तीळ नव्हेत. झेरोडर्मा पिग्मेन्टोसम नावाच्या या आजारात उन्हाने झालेली डीएनएची मोडतोड पेशीला दुरुस्त करता येत नाही. हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली शोधलं. विशीच्या आत अशा मुलांना मेलानोमाचा धोका इतरांच्या सुमारे २,००० पट आणि त्वचेच्या इतर कर्करोगांचा सुमारे १०,००० पट असतो. इथे सावळा रंग पुरत नाही. अंगभर कपडे, टोपी, चष्मा, खिडक्यांना अतिनील किरणं अडवणारी फिल्म, आणि सनस्क्रीन, हे सगळं पहिल्या दिवसापासून लागतं. लवकर ओळखलं तर ही मुलं बरीच वर्षं नीट जगतात.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तसं काही दिसत नाही. त्याच्या जन्मखुणेशेजारी पट्टी ठेवून उजेडात फोटो काढा, तारीख लिहा, दरवर्षी वाढदिवसाला पुन्हा काढा. लासं हळूहळू गडद, खरखरीत, केसाळ होणं नेहमीचं आहे. फोटोबरोबरच बोटं फिरवून बघा, कारण मोठ्या लाशात आजार कधी वरून न दिसता खोलातून सुरू होतो. हाताला नवीन घट्ट गाठ लागली, एखादा भाग महिन्या-दोन महिन्यांत भराभर वाढला किंवा आपोआप रक्त आलं, तर पुढच्या वाढदिवसाची वाट न पाहता दाखवा.